पदराला खार न लावता जगाचं भलं

जग सुधारायचं तुम्ही मनावर घेतलंत, फार बरं झालं. पथ्य एकच पाळा: पदराला खार लागू देऊ नका. खार लागला की माणूस चिडचिडा होतो, आणि चिडचिडा माणूस फोटोत बरा दिसत नाही.

सुरुवात कपाटापासून करा. चेन गेलेली पँट, एकदाच धुतल्यावर आटलेला स्वेटर, कुणीतरी भेट दिलेला आणि बघताक्षणी नावडलेला तो शर्ट, सगळं बाहेर काढा. आता एखाद्या आपत्तीची वाट बघा. पूर, भूकंप, वादळ, काहीही चालेल. बातमी आली रे आली की गाठोडं बांधून रवाना करायचं. तिकडे थंडी आहे की उकाडा याची चौकशी करत बसू नका. देणाऱ्याने भावना बघावी, हवामान नव्हे. 1998 साली ‘मिच’ चक्रीवादळानंतर होंडुरासच्या विमानतळावर दयाळू लोकांच्या कपड्यांचे इतके ढीग साचले की मदतीच्या विमानाला उतरायला जागा मिळेना. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर असेच कपडे पडून कुजले आणि शेवटी जाळावे लागले. मदतकार्यातली माणसं या प्रकाराला ‘दुसरी आपत्ती’ म्हणतात. कृतघ्न आहेत, दुसरं काय!

औषधांचा खणही याच झपाट्यात उरकून घ्या. अर्धवट राहिलेल्या पट्ट्या, कशावरच्या ते आता आठवत नाही अशा गोळ्या, मुदतीला आठवडा उरलेलं खोकल्याचं औषध. दान मिळालेल्या औषधाची मुदत निदान वर्षभर तरी शिल्लक असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आग्रह आहे. पण संघटनांना खण आवरायचे नसतात. बोस्नियात 1992 ते 1996 या युद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळात आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून जास्त बिनकामाची निघाली. अंदाजे 17,000 टन. त्यांची विल्हेवाट लावायची ती त्या युद्धातून जेमतेम उठलेल्या लोकांनीच. तुमचा खण मात्र लख्ख.

पैसे तेवढे पाठवू नका. पैसे पाठवले की तिथली माणसं आपल्याला हवं ते विकत घेतात, तेही जवळच्याच दुकानातून. मग तिथला बाजार सावरतो, दुकानदार उभा राहतो आणि तुमचा स्वेटर तुमच्याच कपाटात राहतो. शिवाय गरजवंताला कशाची गरज आहे, हे त्या बिचाऱ्याला काय कळणार?

आता हिरवं जगणं. याला सुती पिशवी लागते. एक नाही, पुष्कळ. जिथे फुकट मिळेल तिथून आणा, पर्यावरणावरच्या प्रत्येक कार्यक्रमात एक तरी देतातच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 साली हिशेब मांडला होता. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायला सुती पिशवी, नुसतं हवामान धरलं तरी, निदान 52 वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोनचा थर असं सगळं धरलं तर 7,100 वेळा. (समुद्रात गेलेली पिशवी कासव गिळतं, ते या हिशेबात नाही. पण आपल्याला हिशेबात कुठे शिरायचंय?) म्हणजे रोज एकदा वापरलीत तर साडेएकोणीस वर्षं. दाराच्या मागे अशा सतरा लटकतायत, तेव्हा तुम्हाला सुमारे 330 वर्षं जगणं भाग आहे. पर्यावरणामुळे आयुष्य वाढतं ते असं.

प्लॅस्टिकच्या डब्याखाली त्रिकोण दिसला की डोळे मिटून पुनर्वापराच्या पेटीत टाका. त्यातला आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो, पुनर्वापराची हमी देत नाही, हे माहीत करून घेतलंत तर उगाच झोप उडेल.

राहता राहिले मानवी हक्क. हे सगळ्यात स्वस्त. 10 डिसेंबरला एक चित्र पुढे पाठवायचं, साखळदंड तुटतायत असं. 1948 साली त्या तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, एवढं माहीत असलं की पुरे. जास्तच उत्साह असेल तर तिथल्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांचा उल्लेख करा: पहिल्या कलमातल्या ‘ऑल मेन’ला त्यांनी हरकत घेतली, म्हणून तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं. लोक माना डोलावतात. मात्र थांबायचं पहिल्या कलमावरच. एकूण 30 आहेत, आणि वाचत सुटलात तर चोविसावं गाठ पडतं. त्यात विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा आणि भरपगारी सुट्टी असलं काहीबाही लिहिलंय. घरकाम करणाऱ्यांसाठी तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली वेगळा करारच केला, आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी द्यावी म्हणून. हा कागद तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या हाती पडू देऊ नका. त्यांना आपण मावशी म्हणतो, म्हणजे त्या घरच्याच. आणि घरच्या माणसाला कसली आलीय सुट्टी? त्यांचे खाडे मोजायचे ते केवळ शिस्त म्हणून.

शेवटी मार्चमधली ती रात्र. 2007 साली सिडनीत सुरू झालेला ‘अर्थ अवर’ हा उपक्रम: एका शनिवारी तासभर दिवे बंद. एसी चालू ठेवायला हरकत नाही, त्याचा उजेड कुठे पडतो? अंधारात फोटो नीट येत नाही, म्हणून तो दिवे असतानाच काढून घ्या. आणि मावशींना त्या रात्री थोडं थांबायला सांगा. मेणबत्त्या कुठे ठेवल्यात ते त्यांनाच माहीत असतं.