बेने इस्रायल म्हणजे इस्रायली नागरिक नव्हेत

अलिबाग तालुक्यातल्या एका शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहिलेल्या माझ्या लेखाचे प्रूफ आज सकाळी हाती आले आणि तेव्हापासून डोके ठिकाणावर नाही. "शाळेच्या जुन्या इमारतीसाठी गावातल्या बेने इस्रायल घरांनी सागाचे लाकूड दिले," असे माझे वाक्य होते. प्रुफात ते "शाळेच्या जुन्या इमारतीसाठी इस्रायली नागरिकांनी सागाचे लाकूड दिले," असे झाले आहे. हे लाकूड दिले गेले तेव्हा इस्रायल नावाचे राष्ट्र अस्तित्वातही नव्हते. ते १९४८ साली स्थापन झाले. मग हे नागरिक कुठून आले? फोन केला तर संपादक मंडळातले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वाचकांना कळायला सोपे जावे म्हणून बदलले." पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या, मराठी हीच मातृभाषा असलेल्या आणि पेणकर, थळकर, झिराडकर, दिवेकर अशी आपापल्या गावांची आडनावे लावणाऱ्या माणसांना एका फटकाऱ्यात परदेशी ठरवायचे आणि त्याला सोपे करणे म्हणायचे, हे मला सहन होत नाही.

हे पत्र ज्यांना जाते त्या माझ्या यादीतल्या बहुतेकांना हे सांगावे लागू नये, पण सांगते. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे, कोकणातला मराठी बोलणारा यहुदी समाज. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणभर पसरला. नवगावला त्यांचे स्मारक आहे. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. ते स्वतःला मात्र बेने इस्रायल किंवा नुसते 'इस्रायल' म्हणत राहिले. अलिबागमध्ये आजही इस्रायल आळी आहे.

आमच्या शेजारी एक बेने इस्रायल मावशी राहत असत. मी शाळेत असताना एकदा जनगणनेचे काम घेऊन एक मास्तर त्यांच्या ओट्यावर आले होते आणि मी तिथेच चिंचा सोलत बसले होते. मास्तरांनी विचारले, "धर्म?" मावशी म्हणाल्या, "इस्रायल." मास्तर म्हणाले, "मावशी, देश नाही विचारला." त्यावर मावशी म्हणाल्या, "मीही देश नाही सांगितला, मास्तर." मास्तर थोडे घुटमळले आणि त्यांनी ख्रिस्ती लिहू का असे विचारले. मावशींनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आम्ही शनिवार पाळतो, रविवार नाही. यहुदी लिहा हवे तर. पण लिहिलेले मला दाखवा." मास्तरांनी कागद त्यांच्याकडे वळवला आणि मावशी एकेक अक्षर बोटाने लावत वाचत राहिल्या. आपल्याविषयी दुसऱ्याने काय लिहिले आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. आज ते प्रूफ पाहताना मला त्यांचे ते बोट दिसत होते.

तो हट्ट मला तेव्हा विचित्र वाटला होता. पुढे वाचत गेले तशी या एका समाजाला जगाने किती नावे दिली आणि त्या नावांनी किती माणसांचे आयुष्य ठरवले हे कळत गेले. मुळात शब्द तीनच आहेत. बायबलमधल्या याकोबाच्या यहुदा या मुलाच्या वंशाला आणि पुढे त्याच्या नावाने झालेल्या दक्षिणेकडच्या राज्याला धरून 'यहुदी' हा शब्द आला. ते राज्य इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनियाने बुडवले, पण नाव टिकले. दुसरा शब्द 'इव्री' म्हणजे हिब्रू. नदीपलीकडून आलेला, असा त्याचा अर्थ परंपरेने लावला जातो. तिसरा 'इस्रायल', म्हणजे याकोबालाच मिळालेले दुसरे नाव. आपल्या मराठीतले 'यहुदी' आणि 'ज्यू' हे दोन्ही एकाच मुळाचे आहेत: एक अरबी-फारसीच्या वाटेने आला, तर दुसरा ग्रीक, लॅटिन, फ्रेंच अशी वळणे घेत इंग्रजांबरोबर आला. तेव्हा यातला कुठला शब्द जास्त शुद्ध यावर दर काही महिन्यांनी होणारे वाद निरर्थक आहेत. शब्द कुठून आला यापेक्षा तो कोणी, कोणाला, कसा वापरला हे महत्त्वाचे.

पोलंड आणि रशियाचेच पाहा. पोलिश भाषेत यहुदी माणसासाठी रीतसर, सभ्य शब्द 'झिद' हाच आहे. वॉर्सातल्या पोलिश यहुद्यांच्या इतिहासाच्या भव्य संग्रहालयाच्या अधिकृत नावात तो शब्द आहे. पोलिश शुद्धलेखन तर इतके काटेकोर आहे की त्या समाजाचा माणूस म्हणून लिहायचे असेल तर पहिले अक्षर मोठे आणि केवळ धर्म सांगायचा असेल तर छोटे. सरहद्द ओलांडून रशियन भाषेत गेलात की हाच शब्द शिवी होतो आणि तिथे 'येव्रेय' म्हणावे लागते, म्हणजे हिब्रू. इटलीत 'एब्रेओ' साधा आणि यहुदावरून आलेला 'जुदेओ' कडवट. एका भाषेतले सभ्य नाव दुसरीत थुंकण्यासारखे उच्चारले जाते, कारण ते उच्चारणाऱ्यांनी शेकडो वर्षे तसेच उच्चारले.

आणि नाव सभ्य असले म्हणून माणूस सुरक्षित राहतो असेही नाही, याचा मला सर्वांत जास्त राग येतो. सोव्हिएत राजवटीने १९३२ च्या अखेरीस अंतर्गत पासपोर्ट आणले आणि त्यात राष्ट्रीयत्वाची, म्हणजे माणूस कुठल्या समाजाचा याची, नोंद ठेवली. लोक तिला 'पाचवा रकाना' म्हणत. त्या रकान्यात 'येव्रेय' हा अगदी सरकारमान्य, निरुपद्रवी शब्द असे आणि त्या एका शब्दापायी कित्येकांना विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही, नोकरी मिळाली नाही. आमच्या मावशींनी मास्तरांचा कागद वळवून घेतला, तो वळवून घेण्याचा अधिकार त्या माणसांना नव्हता. जर्मनीत याहून भयंकर घडले. ऑगस्ट १९३८ च्या हुकुमाने, ज्यांची नावे ओळखीची 'यहुदी' वाटत नव्हती अशा सर्व यहुदी पुरुषांना आपल्या नावापुढे 'इस्राएल' आणि स्त्रियांना 'सारा' हे नाव सक्तीने जोडावे लागले. १९३९ च्या जानेवारीपासून ते अमलात आले. १९४१ साली कपड्यांवर पिवळा तारा शिवायला लावला आणि त्यावर 'युडे' असे लिहिले, जो खरे तर यहुदी माणसासाठी जर्मन भाषेतला साधा शब्द आहे. ज्या काळात आमच्या तालुक्यात कोणी 'आम्ही इस्रायल' असे ताठ मानेने सांगत होते, त्याच काळात बर्लिनमध्ये तेच नाव माणसांवर डागासारखे उमटवले जात होते. हे माहीत असलेला माणूस असे नाव सहज खोडून दुसरे घालू शकेल असे मला वाटत नाही.

काही ठिकाणी लोकांनी स्वतःसाठी सौम्य शब्द शोधले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या सुशिक्षित यहुद्यांना 'जुईफ' या शब्दाला चिकटलेला तिरस्कार नको होता, म्हणून ते 'इझराएलित' म्हणवून घेऊ लागले. पॅरिसमध्ये १८६० साली निघालेल्या त्यांच्या मोठ्या शिक्षणसंस्थेच्या नावात तोच शब्द आहे. अमेरिकेतही १८७३ साली स्थापन झालेल्या सुधारणावादी संघटनेने 'हिब्रू' हे नाव घेतले आणि ते २००३ पर्यंत टिकले. तुर्कस्तानात 'मुसेवी' म्हणजे प्रेषित मूसाचे (मोझेसचे) अनुयायी, तर इराणमध्ये 'कलीमी' म्हणजे ज्याच्याशी ईश्वर बोलला त्या मूसाचे लोक, असे आदराचे शब्द आहेत. तेहरानमधल्या त्यांच्या संघटनेचे नाव 'कलीमियान' असेच आहे. मावशी तेहरानात जन्मल्या असत्या तर मास्तरांना त्यांनी 'कलीमी' लिहायला सांगितले असते आणि तिथल्या मास्तरांना ते लगेच कळले असते. त्याच फारसीत 'जुहूद' हा शब्द हिणवण्यासाठी वापरतात. पण कॉकेशसमधले डोंगरी यहुदी स्वतःला त्याच शब्दाच्या भावाने, 'जुहुर' म्हणून ओळखतात आणि त्यात त्यांना काही उणे वाटत नाही. कोशात पाहून शिवी कोणती आणि नाव कोणते हे ठरवणारे लोक इथे काय करणार? त्या माणसाला विचारावेच लागेल.

हे सगळे लिहिताना राग थोडा निवळला आहे, कारण मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट चीनमधली आहे. कायफंग शहरात यहुदी वस्ती होती. तिथल्या शेजाऱ्यांनी पाहिले की हे लोक मांसातून मांडीची शीर काढून टाकतात आणि मगच ते शिजवतात, म्हणून त्यांच्या धर्माला 'शीर काढणाऱ्यांचा धर्म' असे नाव पडले. ही चाल याकोबाच्या कथेतून येते. तो रात्रभर एका दिव्य पुरुषाशी झुंजला, त्याच्या मांडीला इजा झाली आणि पहाटे त्याला नवे नाव मिळाले, इस्रायल. म्हणजे कायफंगच्या शेजाऱ्यांनी दिलेले नाव आणि आमच्या मावशींनी ओट्यावर सांगितलेले नाव ही दोन्ही एकाच रात्रीच्या कथेतून निघालेली आहेत. कायफंगच्या चिनी माणसाला किंवा आमच्या गावच्या कुणब्याला ही कथा ठाऊक नव्हती. त्यांना दिसली ती चूल आणि शनिवारी थांबलेला घाणा, आणि त्यांनी दिसले त्याला नाव दिले. त्यात द्वेष नव्हता. माझी आजीसुद्धा मावशींना सहज 'तेलीणबाई' म्हणे आणि मावशी तेवढ्याच सहज उत्तर देत, "घाणा सासऱ्यांबरोबर गेला, आता मी कसली तेलीण!" दोघी हसत असत. पण ओट्यावर सरकारी कागद आला तेव्हा मावशींनी तेली लिहू दिले नाही, हेही मी पाहिले आहे. शेजारणीच्या तोंडचे नाव वेगळे आणि कागदावर कायमचे राहणारे नाव वेगळे, हा फरक त्यांना पक्का कळत होता.

कोकणातल्या लोकांनी नावांच्या बाबतीत जे मोठे मन दाखवले आहे त्याचा मला अभिमानही आहे. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला मराठीत 'मशीद' म्हणत. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत बांधलेल्या पहिल्या सिनेगॉगवरून मस्जिद बंदर हे नाव पडले असे सांगतात. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधलेल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात. एकाच धर्माची वास्तू एका शहरात मशीद आणि दुसऱ्या शहरात देऊळ, आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. सामाजी म्हणजे सॅम्युएल आणि हसाजी म्हणजे इझिकेल, हेही किती गोड आहे.

आता कोणी म्हणेल की आज 'इस्रायल' म्हटले की लोकांना देशच आठवतो, तर संपादकांचे काय चुकले. बरोबर आहे, आठवतो, आणि अनेक बेने इस्रायल स्वतःला बिनदिक्कत 'ज्यू' म्हणवतात हेही खरे. राज्य सरकारने २०१६ साली अल्पसंख्याक दर्जा दिला तो ज्यू समाज म्हणूनच. एवढे मान्य करून मी पुढे जाते. 'ज्यू' केले असते तर मी कदाचित तक्रार केली नसती. 'इस्रायली नागरिक' केले म्हणून करते आहे, कारण त्याने नुसता शब्द बदलत नाही, माणसे कुठली हे बदलते. त्या देशाच्या धोरणांविषयी तुमची-माझी मते काय आहेत याचा आमच्या शाळेच्या सागवानाशी काहीही संबंध नाही, आणि तो संबंध लावणाऱ्यांच्या हातात आपण आयते कोलीत देतो आहोत.

शिवाय ज्यांनी खरोखर तिकडे स्थलांतर केले त्यांना तरी ते नाव सुखाने लाभले का? तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश काढले. निदर्शने झाली, प्रकरण संसदेपर्यंत गेले आणि १९६४ साली धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. इथे तुम्ही तिकडचे आणि तिकडे तुम्ही नक्की आमचेच का, असे दोन्हीकडून ऐकून घेतलेले हे लोक आहेत. १९८४ आणि १९९१ मध्ये विमानांनी इस्रायलला नेलेल्या इथिओपियातल्या यहुद्यांनाही शेजारी 'फलाशा', म्हणजे उपरे, भूमिहीन म्हणत. ते स्वतःला 'बेटा इस्राएल', इस्रायलचे घराणे म्हणवतात. त्या नावात आणि आपल्या बेने इस्रायलात केवढे साम्य आहे! दोघांनीही दुसऱ्यांनी दिलेल्या नावाच्या आत स्वतःचे नाव शतकानुशतके जपले.

स्मरणिकेला मी लेखी कळवले आहे की माझे वाक्य होते तसे छापावे, नाहीतर लेख माझ्या नावाने छापू नये. या यादीत शिक्षक आहेत, वार्ताहर आहेत, पाठ्यपुस्तकांसाठी काम केलेलेही आहेत. अलिबाग, पेण, पनवेल, रोहा, मुरूड इकडचे बरेच जण आहेत. तुमच्या गावात बेने इस्रायल घरे असतील किंवा होती, तर गाव त्यांना काय म्हणत असे आणि ती घरे स्वतःला काय म्हणत असत, हे दोन्ही खाली लिहा. कोणाची नावे-पत्ते नकोत. जुनी माणसे अजून आहेत तोवर त्यांना विचारून लिहा, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा.