‘वाचलेले १० टक्के, केलेले ९० टक्के’: या आकड्यांवर वर्ग उभा करू नका

शिक्षकांच्या ग्रुपवर आणि प्रशिक्षणातल्या स्लाइडवर एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. माणसाच्या लक्षात वाचलेले १० टक्के राहते, ऐकलेले २०, पाहिलेले ३०, पाहिले-ऐकलेले ५० आणि करून पाहिलेले ९० टक्के. म्हणून खडू-फळा सोडा, वर्गात स्क्रीन आणा. आजची मुले जन्मतःच डिजिटल आहेत, ती आपली आपण शिकतील.

मी शिकवताना तंत्रज्ञान वापरते आणि इतरांनीही वापरावे असे मला मनापासून वाटते. तरीही हा मजकूर खोडून काढायला हवा, कारण चुकीच्या कारणासाठी आणलेले साधन वर्गात चुकीच्याच पद्धतीने वापरले जाते.

आकडे आले कुठून?

या टक्केवारीला अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचे नाव चिकटवले जाते. डेल यांनी १९४६ मध्ये ‘अनुभवांचा शंकू’ मांडला. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, मध्ये सहली, चित्रपट, चित्रे आणि टोकाला शब्द. त्यात एकही टक्का नव्हता. हे आकडे १९६७ मध्ये दृक्‌श्राव्य साधनांविषयीच्या एका नियतकालिकात छापून आले. ते कोणत्या प्रयोगातून निघाले याचा तिथे आधार नव्हता. पुढे दोन्ही एकत्र जोडले गेले आणि डेल यांचे नाव कायमचे लागले.

नुसते आकड्यांकडे पाहिले तरी शंका यायला हवी. काय वाचले, किती दिवसांनी विचारले, कसे विचारले, वाचणाऱ्याला आधीपासून किती माहीत होते, यावर आठवण ठरते. कविता आणि रेल्वेचे वेळापत्रक या दोहोंना एकच टक्केवारी कशी लागू होईल?

आकडे खरे मानले, तरी स्क्रीन कशी सिद्ध होते?

होत नाही. त्याच मजकुरात व्हिडिओ ५० वर आहे. ९० ‘करून पाहण्याला’ आहेत, आणि मोठ्या पडद्यावर ॲनिमेशन बघत बसलेले मूल काही करत नसते.

शिकण्याविषयी खरोखर तपासलेली एक गोष्ट सांगते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात स्पष्टपणे जास्त राहिले. यासाठी कागद-पेन्सिल पुरते. मोबाइलवरची छोटी प्रश्नमंजूषा हेच काम झटकन करते, प्रत्येक मुलाकडून उत्तर घेते आणि कोण कुठे अडखळले ते मला लगेच दाखवते. स्क्रीनचा उपयोग इथे आहे.

‘जन्मतःच डिजिटल’

हा शब्दप्रयोग मार्क प्रेन्स्की यांच्या २००१ च्या लेखातून रूढ झाला. बोट सराईतपणे फिरते यावरून मुलाला माहिती पारखता येते असे ठरत नाही. पहिला सापडलेला निकाल जसाच्या तसा वहीत उतरवणारी मुले कोणत्या शिक्षकाने पाहिली नाहीत?

मुले आपली आपण शिकतील?

हा सर्वांत महागडा दावा आहे. पेरूच्या ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांमध्ये याची तपासणी झाली. काही शाळांतल्या मुलांना लॅपटॉप मिळाले, काहींतल्यांना नाही. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. विचारक्षमतेच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली, तीही नाकारू नये. पण लॅपटॉप मुलांच्या हाती पोहोचले म्हणून वाचन-गणित सुधारले नाही.

याच्या शेजारी दिल्लीतला अभ्यास ठेवा, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर मूल कोणत्या इयत्तेत बसते हे न पाहता त्याला प्रत्यक्षात काय येते ते आधी तपासते आणि तिथून प्रश्न देते. सहावीतली कितीतरी मुले गणितात दोन-अडीच इयत्ता मागे होती. वर्गातला धडा त्यांच्या डोक्यावरून जात होता. शाळा सुटल्यावर केंद्रात येणाऱ्या या मुलांची प्रगती सुमारे साडेचार महिन्यांत, सोडतीत संधी न मिळालेल्या मुलांच्या मानाने गणित आणि हिंदी दोन्हींत बरीच जास्त झाली. आणि तिथे मुले एकटी नव्हती. रोजचा अर्धा वेळ सॉफ्टवेअरवर, अर्धा वेळ लहान गटात शिकवणाऱ्या माणसासोबत.

यंत्र दोन्हीकडे होते. मुलाच्या पातळीचा प्रश्न, चुकल्यावर ताबडतोब प्रतिसाद आणि सोबतीला माणूस, हे दिल्लीत होते. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या पातळीचा प्रश्न एकट्याने काढणे मला जमत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यासाठी मला यंत्र हवेच आहे.

कोलोराडो विद्यापीठाचा फेट हा मोफत सिम्युलेशनचा, म्हणजे पडद्यावर करून पाहायच्या प्रयोगांचा, संच मी विद्युत परिपथ शिकवताना वापरते. आधी वहीत लिहून घेते: दुसरा दिवा एकसर, म्हणजे त्याच तारेत पहिल्याच्या पुढे, जोडला तर पहिल्याचा प्रकाश वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? शेजाऱ्याला कारण सांगा. बरेच जण ‘तेवढाच’ लिहितात. मग जोडणी करायची, दिवा मंदावतो, आणि वर्गात एकच गलका होतो: ‘असं का?’ त्या क्षणी मी पडदा बंद करते आणि फळ्याकडे वळते.