नदीत फेकलेले खिळे

आमच्या दहावीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज आला. अमेरिकेत गुलामीवरून लोक इतकं बोलले, इतकी भाषणं ठोकली, की शेवटी भाऊ भावावर उठला आणि सहा लाखांवर माणसं मेली. आपण शहाणे, जातीपातीचं जुनं उकरत बसू नका, आपोआप मिटेल. खाली बावीस अंगठे. त्यातले तीन-चार माझ्यासारख्याच इकडे येऊन राहिलेल्यांचे.

मी चौदा वर्षं कॅन्ससमध्ये राहतो, म्हणून मला ते जास्तच झोंबलं. त्या यादवी युद्धाच्या आधीची मारामारी जिथं पेटली ते लॉरेन्स गाव माझ्या घरापासून के-टेन हायवेनं चाळीस मिनिटांवर आहे. मुलीच्या सातवीच्या प्रोजेक्टपायी मी तिथं चार शनिवार घालवलेत. मेसेज म्हणतो त्याच्या बरोबर उलटं घडलंय तिथं.

1854 साली सिनेटर स्टीफन डग्लस यांनी कायदा करून घेतला, की कॅन्ससमध्ये गुलाम ठेवायचे की नाही ते तिथं राहायला आलेल्यांनी मतदानानं ठरवावं. या भागात गुलामी नाही, असा 1820 पासूनचा समझोता त्यानं मोडला. ज्याचं त्यानं ठरवावं, ऐकायला किती बरं वाटतं! मार्च 1855 मध्ये मतदान झालं. शिरगणतीत मतदार निघाले होते 2,905, मतं पडली 6,307. वरची मतं शेजारच्या, गुलामी चालणाऱ्या मिसुरी राज्याहून हत्यारं घेऊन आली होती. ती ज्या बाजूनं आली तो स्टेट लाइन रोड मी ऑफिसला जाताना रोज ओलांडतो. अशा मतांवर निवडून आलेल्या सभेनं त्याच वर्षी कायदा केला: इथं गुलाम ठेवण्याचा हक्क कुणाला नाही असं जो बोलेल, लिहील किंवा छापील, त्याला किमान दोन वर्षं सक्तमजुरी.

बोलण्यानं तेढ वाढते म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा नीट वाचावं.

21 मे 1856 ला गुलामीविरोधकांच्या लॉरेन्सवर गुलामीवाल्यांची टोळी चालून आली. हॉटेलवर तोफ डागली, ते पडेना म्हणून जाळलं. आणि गावातले दोन छापखाने फोडून खिळे नदीत फेकले. मुलीला खिळे म्हणजे काय ते कळेना. मला कळलं, कारण आमच्या गावात बाजारपेठेच्या टोकाला लग्नपत्रिका छापणारा एक छापखाना होता. तिथल्या काकांनी मला एकदा 'अ'चा खिळा दिला होता. शिशाचा, नखाएवढा, अक्षर उलटं. कित्येक वर्षं तो माझ्या कंपासपेटीत होता. तसे खिळे पोत्यांनी पाण्यात गेले, हे मी नदीच्या काठावर उभा राहून तिला सांगत होतो आणि मला पुढं बोलवेना.

दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये, कॅन्ससवर दोन दिवस भाषण केलं म्हणून गुलामीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांना प्रेस्टन ब्रुक्स या साउथ कॅरोलायनाच्या प्रतिनिधीनं सिनेटच्या दालनात काठीनं रक्तबंबाळ केलं. मग 24 तारखेच्या रात्री कॅन्ससमध्ये गुलामीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन यानं गुलामीच्या बाजूच्या पाच माणसांना घराबाहेर ओढून तलवारीनं मारलं. तो खूनच. आमच्या राजधानीत, टोपिकाच्या विधानभवनात भिंतीवर तो रंगवलाय, एका हातात बायबल, एका हातात बंदूक. त्या चित्रासमोर मला फार वेळ उभं राहवत नाही. पण क्रम तर बघा. 1835 मध्ये चार्ल्सटनला टपालातली गुलामीविरोधी पत्रकं जाळली. 1836 पासून आठ वर्षं त्यांच्या लोकसभेत गुलामीविरुद्धचे अर्ज नुसते वाचायलाही बंदी होती. 1837 मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टनला गुलामीविरोधी संपादक इलायजा लव्हजॉय आपलं छपाईयंत्र वाचवताना गोळी लागून मेला. वीस वर्षं तोंडं दाबली, आणि आमचा ग्रुप म्हणतो लोक फार बोलले! तोवर जी शांतता होती ती कुणाची? 1860 मध्ये जवळजवळ चाळीस लाख माणसं गुलाम होती. त्यांना कुणी विचारलं होतं?

एकानं लिहिलं, युद्ध गुलामीवरून नव्हतंच, राज्यांच्या हक्कांवरून होतं. देशातून फुटून निघताना दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यानं जाहीरनामा काढला, त्यात सुरुवातीलाच लिहिलंय की आमची भूमिका गुलामीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. त्यांनी स्वतः लपवलं नाही ते आपण कशाला झाकायचं?

दुसरा म्हणाला, आपला काय संबंध? अरे, त्या युद्धानं अमेरिकेचा कापूस अडला म्हणून मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं गेला. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद त्याच तेजीतले. आणि 1873 मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून त्यांना जो संबंध दिसला, तो आपल्याला आज हातात फोन असून दिसत नाही. इथल्या सातवीच्या पोरांना आपल्या राज्यातला रक्तपात तारीखवार शिकवतात. आपल्याला काय शिकवलं?

मला माहीत आहे, 'तिकडे बसून बोलायला काय जातं' असं म्हणतील. म्हणू देत. पण हे सगळं मी ग्रुपवर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात थांबलो, त्याचं कारण वेगळं आहे.

दोन वर्षांपूर्वी गेट-टुगेदरची तयारी चालली असताना, तीन वर्षं माझ्या बाकावर बसलेल्या मित्रानं ग्रुपवर एकच ओळ लिहिली: "शाळेतल्या माठाला मला हात लावू द्यायचे नाहीत, पाणी वरून ओतायचे, हे कुणाला आठवतं का?" मग सुरू झालं. जुनं काढू नकोस, मास्तर देवमाणूस होते, आज तू एवढा साहेब झालास ना. इकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. वाद नको म्हणून फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं करून टाकलं आणि झोपलो. सकाळी बघितलं तर तो ग्रुप सोडून गेला होता. चार दिवसांनी मी सेटिंग पुन्हा उघडलं, आणि गुड मॉर्निंगची फुलं यायला लागली.

त्याचं घर गावात नेमकं कुठं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या घरी तो ओसरीपर्यंत यायचा. हे मला इथं येऊन, दुसऱ्यांच्या गावाचा इतिहास वाचताना सुचावं, याची लाज वाटते. गावाची आठवण काढताना मी नेहमी घाट, जत्रा, छापखाना सांगतो. माठ कधी सांगितला नाही.

ग्रुपवरचं उत्तर आता लिहीन, तारखांसकट लिहीन. पण आधी त्याला फोन करायचाय. त्यानं विचारलं होतं, कुणाला आठवतं का. मला आठवतं. आठवी-नववीत पाण्याचा मॉनिटर मीच होतो, ओगराळं माझ्या हातात असायचं. हे त्यालाही आठवत असणार, तरी त्यानं ग्रुपवर माझं नाव घेतलं नाही.