वाघ आणि वाघनखं

इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनला पहिल्यांदा गेलो ते पावसामुळे. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन निघावं आणि आभाळ फुटलं की रणगाड्यांच्या म्युझियममध्ये शिरावं, हा इथल्या आईबापांचा ठरलेला बेत. मला मात्र आत शिरल्या शिरल्या घरी आल्यासारखं वाटलं. मी मूळचा नगरचा. (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं.) आमच्याकडे लष्कराचं रणगाडा संग्रहालय १९९४ साली झालं आणि आमची शाळेची सहल पुढच्याच वर्षी तिथे गेली. १९६५च्या युद्धातला पॅटन रणगाडा बघून अख्ख्या वर्गाने ठरवूनच टाकलं, की अब्दुल हमीदने जीपवरच्या तोफेने उडवला तो हाच. शेजारच्या तुकडीतल्या पोरांच्या मते त्याच्या पलीकडचा. त्यावरून बसमध्ये मारामारी झाली.

बॉव्हिंग्टनचा सर्वांत लाडका रणगाडा म्हणजे टायगर १३१, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा. फेब्रुवारी १९४३ मध्ये कासेलच्या हेन्शेल कारखान्यात तयार झालेला, चॅसिस नंबर २५०१२२. अंगावरच्या १३१ चा अर्थ पहिली कंपनी, तिसरी तुकडी, पहिला रणगाडा. जर्मनांच्या ५०४ क्रमांकाच्या जड रणगाडा बटालियनबरोबर तो ट्युनिशियात उतरला आणि एप्रिलमध्ये ब्रिटिशांच्या हाती लागलासुद्धा. चर्चिल रणगाड्याच्या सहा पौंडी तोफेच्या गोळ्याने त्याचा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, जागच्या जागी अडकवला आणि आतली माणसं तो तसाच टाकून पळाली. सोडताना उडवून दिला नाही, म्हणून तो आज आहे. राजे सहावे जॉर्ज आणि चर्चिल यांनी तो ट्युनिसला पाहिला, नंतर लंडनच्या हॉर्स गार्ड्स परेडवर तो लोकांपुढे मांडला गेला आणि १९५१ साली म्युझियमकडे आला. १९९० मध्ये दुरुस्तीला घेतला, तो पुन्हा इंजिनावर चालेपर्यंत नवं शतक उजाडलं होतं. पहिल्या प्रकारचा चालता टायगर जगात आज हा एकच.

अनेक दशकं त्याची कहाणी ठरलेली होती. २१ एप्रिल १९४३, जागा जेबेल जाफा, श्रेय ४८व्या रॉयल टँक रेजिमेंटचं. पुस्तकांत तेच होतं, म्युझियमच्या पाटीवरही तेच.

मग एक माणूस नुसता बघायला आला. त्याचे वडील शेरवुड फॉरेस्टर्सच्या दुसऱ्या बटालियनमध्ये साधे सैनिक होते आणि एक टायगर पकडला गेला तेव्हा आपण तिथे होतो, असं घरी सांगायचे. समोरचा रणगाडा बघून मुलाला वाटलं, हा तर तोच. अशा मुलांना 'काका, पाटी वाचा' म्हणून वाटेला लावणं सोपं असतं. हा मात्र वाटेला लागला नाही. वडिलांच्या आठवणी, युद्धातले कागद, पकडलेल्या रणगाड्याचे जुने फोटो, फोटोतल्या टेकड्या आणि रणगाड्याच्या अंगावरचे वण हे सगळं त्याने एकापुढे एक मांडलं. निघालं ते असं, की तारीख २४ एप्रिल, जागा गेरियात अल अताशची १७४ क्रमांकाची टेकडी आणि ती घेणारे पायदळातले हेच शेरवुड फॉरेस्टर्स. म्युझियमने ते मान्य केलं आणि आपली कित्येक वर्षांची गोष्ट बदलली. वाघ होता तिथेच उभा आहे आणि त्याला बघायला येणाऱ्यांची रांगही हललेली नाही.

असले कागद लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये असतात. एका हिवाळ्यात मी हौसेने गेलो. ओळखपत्रं दाखवून कार्ड काढायचं, शाईचं पेन बाहेर ठेवायचं, फक्त पेन्सिल आत. बटालियनच्या वॉर डायरीचा छापील फॉर्म असतो: जागा, तारीख, वेळ आणि काय घडलं. लिहिणारा अधिकारी दमलेला असला की चार शब्दांत दिवस संपवतो. आपल्या मोबाइलने फोटो काढले तर पैसे पडत नाहीत. महत्त्वाचं म्हणजे 'तुम्हाला हे कशाला हवंय' असं कुणीही विचारलं नाही. माझ्या आजोबांचे भाऊ त्याच युद्धात ड्रायव्हर होते. त्यांचे कागद शोधायला गावाकडच्या एका कचेरीत आमच्या काकांनी तीन खेपा घातल्या, तेव्हा तिन्ही वेळा पहिला प्रश्न तोच होता.

म्हणून इंग्रज फार सत्यप्रेमी, असं मात्र माझ्याच्याने म्हणवत नाही. इथल्या जुन्या लष्करी गाड्यांच्या जत्रांना जाऊन बघा. दर दुसरी जीप म्हणे नॉर्मंडीच्या वाळूत उतरलेली. विलीज आणि फोर्ड मिळून युद्धात सहा लाखांहून जास्त जीपा निघाल्या, त्यातली बहुतेक कुठेतरी डेपोत नाहीतर कुणा साहेबाच्या दिमतीला असणार, पण रंगवताना सगळ्यांना नामांकित पलटणीचीच चिन्हं हवीत. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी मात्र बॉनेटवरचा रंग पॉलिश पेपरने थर थर करून उतरवला. आठवडाभर घासून मूळ नंबराचे चार आकडे मिळाले. ती कुठल्या पलटणीची हे शेवटपर्यंत लागलं नाही, म्हणून त्यांनी गाडीवर चार आकडेच रंगवले आणि पुढची जागा कोरी ठेवली. जत्रेत ती जीप फार कुणी बघत नाही.

हे सगळं आठवायचं कारण वाघनखं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्याला आली. त्याच्या आधीपासून वाद पेटला होता. इंद्रजित सावंतांसारखे संशोधक म्हणत होते, अफजलखानाच्या वेळची ती हीच, याला पुरावा नाही. म्युझियमची स्वतःची नोंदही वेगळं सांगत नाही. पेटीवरच्या मजकुरानुसार, साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, असताना ग्रँट डफ या अधिकाऱ्याला ती पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली. म्हणजे १६५९च्या घटनेला तोवर दीडशेहून अधिक वर्षं लोटलेली. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं. उत्तर आलं, "तिकडे राहून महाराजांवर शंका घेतोस?"

शंका लोखंडाच्या तुकड्याबद्दल होती, महाराजांबद्दल नव्हती. हा फरक लंडनला आल्यावर कळला म्हणावं, तर तेही खोटं ठरेल. याच ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासातल्या चुका नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेत पुण्यात बसून दाखवल्या, १८६०च्या दशकात. टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सनावळी, छापली १९१६ मध्ये. तिच्यातल्या एका ओळीने महाराजांच्या जन्माचं साल १६२७ वरून १६३० वर आलं. त्यावर पुढे अनेक वर्षं भांडणं झाली, तरी सरकारी जयंती अखेर १९ फेब्रुवारीलाच आली. बॉव्हिंग्टनने तारीख तीन दिवसांनी सरकवली, आपण जन्मसाल तीन वर्षांनी सरकवलं, आणि तेही खुद्द महाराजांचं.

इंग्रजांना टायगरच्या बाबतीत सोपंही होतं, हे सांगायला हवं. रणगाडा शत्रूचा आणि पकडणारे दोन्हीकडून आपलेच. बदललं काय, तर श्रेय एका रेजिमेंटकडून दुसरीकडे गेलं. कोहिनूरची पाटी याच मोकळेपणाने लिहितील का, हे मला बघायचंय. आणि वाघनखांच्या नोंदीतला प्रामाणिकपणा चांगलाच, पण ती वस्तू डफच्या पेटीत कशी पोचली, यावर त्या नोंदीत एकच क्रियापद आहे: 'दिली'. १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंटला कोण काय आपणहून देत होतं, यावर वेगळा लेख होईल.

रविवारी बाबांचा फोन होता. वाद त्यांनीही वाचलेला.

"मग खरी का रे ती?"

"बाबा, पेटीवर जे लिहिलंय तेवढंच माहीत आहे. तुम्ही गेला होतात ना साताऱ्याला बघायला?"

"गेलो होतो. रांगेत दोन तास उभा होतो. एक बाई पाया पडत होती, मीही पडलो."

मी गप्प बसलो. मग तेच म्हणाले, "डिसेंबरात येतोयस ना? आपण त्या पॅटनकडे जाऊ. वही घेऊन. नंबर असेलच ना कुठेतरी त्याच्यावर."

चॅसिस नंबर कुठे शोधायचा, हे मी बॉव्हिंग्टनमध्ये विचारून ठेवलंय. उजेडाची बॅटरी मात्र इकडूनच न्यावी म्हणतो.