रोजच्या गाडीबद्दल रोजचंच लिहिणार

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली, आणि ती टोचली हेही सांगतो. इलेक्ट्रिक गाडीच्या रोजच्या सुखांवर मी जे लिहिलं त्याला तुम्ही ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हटलंय. आवाज नाही, गिअर नाहीत, पंपावर जायला नको, अशी किरकोळ सुखं मिरवून मी लांबचा प्रवास, बॅटरीचं आयुष्य आणि वीजकेंद्रातला धूर हे खरे प्रश्न झाकून ठेवले, असा तुमचा आक्षेप आहे. इंजिनाचा आवाज नसेल तर ते गाडी चालवणंच नव्हे, असंही एक वाक्य आहे. आणि शेवटी विचारलंय, ‘छातीवर हात ठेवून सांगा, ही गाडी सगळ्यांनी घ्यावी का?’

त्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देतो.

गाडी घेताना आपण डोंगरदऱ्या आणि लांबलचक हमरस्ते डोळ्यांसमोर आणतो. वापरतो मात्र कामावर जायला-यायला, मुलांना सोडायला आणि सामान आणायला. तुम्ही गाडीला तिच्या वर्षातल्या सगळ्यात अवघड दिवसावरून जोखताय. मी उरलेल्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. त्या दिवसांतले त्रास छोटेच असतात, पण रोजचे असतात. कोंडीत डावा पाय क्लचवर अवघडून जाणं हा काही जीवनमरणाचा प्रश्न नाही. तरी तो पाय मोकळा झाला की माणूस घरी जरा कमी चिडलेला पोचतो. खोटं वाटत असेल तर घरच्यांना विचारा.

ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीतही क्लचचा पेडल नसतो, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. पण तिथेही इंजिनाला जोर धरायला फेरे वाढवावे लागतात, मग गिअर बदलतो, मग गाडी पुढे सरते. विजेच्या मोटरचा पूर्ण जोर जागेवरून निघतानाच हाताशी असतो. ० ते १०० किती सेकंदांत, या बढाईत मला रस नाही. रस आहे तो दोन गाड्यांमधली हातभर फट भरताना, चढावर थांबून पुन्हा निघताना. पाऊल जेवढं दाबाल तेवढीच गाडी सरकते, धक्का नाही की मागे घसरणं नाही.

आणि पाऊल उचललं की जे होतं ते तर मला अजून जुनं वाटत नाही. मोटर तीच, पण आता चाकं तिला फिरवतात, ती जनित्र होते आणि गाडीचा वेग विजेच्या रूपाने बॅटरीत परत जातो. १,८०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून थांबते तेव्हा तिच्या वेगातली ऊर्जा साधारण ०.०५ युनिट असते. असे वीस सिग्नल म्हणजे एक युनिट, आणि एका युनिटात मध्यम आकाराची गाडी सहा-सात किलोमीटर जाते. सगळी ऊर्जा परत येत नाही, पण बराच भाग येतो. पेट्रोलच्या गाडीत हीच ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवून, चाकांवर काळी पूड पसरवून वाया जाते. घाट उतरताना तर हे डोळ्यांना दिसतं. ५०० मीटर उंची उतरणाऱ्या त्याच गाडीच्या वजनात जवळपास अडीच युनिट साठलेली असतात. पायथ्याशी पोचल्यावर बॅटरीचा आकडा माथ्यापेक्षा जास्त दिसतो, तेव्हा मी दर वेळी शेजारी बसलेल्याला तो दाखवतो. शेजारचा आता कंटाळलाय, मी नाही. (बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हे होत नाही, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी गाडी १०० टक्के भरून खाली निघू नये.)

यातून एक सवय लागते. ऊर्जा मोजायची. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ४० युनिटांची बॅटरी ही जेमतेम साडेचार लिटरची टाकी, आणि तेवढ्यावर गाडी अडीचशे किलोमीटर जाते. हे कळल्यापासून सिग्नलला घुरघुरत उभ्या असलेल्या इंजिनांकडे पाहून मला उगाच कुणाचा तरी नळ चालू राहिल्यासारखं वाटतं.

किरकोळ सोयींना तुम्ही कमी लेखता म्हणून थोडा इतिहास सांगतो. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेवर चालणारी होती. कामिय जेनात्झीने २९ एप्रिल १८९९ रोजी फ्रान्समध्ये ती पळवली होती. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे, आणि ते उलटलं तर मनगट मोडे. १९१२ साली कॅडिलॅकच्या गाड्यांत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि ती कटकट हळूहळू संपली. पेट्रोलची गाडी जिंकण्यामागे स्वस्त इंधन होतं, मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन होतं, पण हँडलपासूनची ही सुटकाही होती. आणि तीही एका छोट्या विजेच्या मोटरनेच केली!

आता लांबचा प्रवास. इथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे हमरस्त्यावर ताशी १०० च्या पुढे ही गाडी शहरातल्यापेक्षा कमी पल्ला देते. पेट्रोलवाल्यांचा अनुभव नेमका उलटा असतो, म्हणून पहिल्या प्रवासात धक्का बसतो. कडाक्याच्या थंडीत पल्ला आणखी घटतो. जलद चार्जरवर १० ते ८० टक्के भराभर होतात आणि पुढचे वीस रेंगाळतात, कारण भरत आलेल्या बॅटरीला जपण्यासाठी गाडीच करंट कमी करते. तेव्हा ८० ला निघावं आणि पुढे पुन्हा थांबावं. चार्जर बंद निघाला तर दुसरा कुठे आहे, हे आधी पाहून ठेवावं लागतं. याला सुख म्हणायला मी तयार नाही. मला चहाची निमित्तं मिळतात, पण तो माझा स्वभाव झाला, गाडीचा गुण नव्हे.

बॅटरीचं मात्र तुम्ही जरा उगाच घाबरवलंत. ‘आठ वर्षांची बॅटरी’ हे हमीचं वर्ष आहे, मरणाचं नाही. बहुतेक हम्या सांगतात की आठ वर्षांत किंवा सुमारे १,६०,००० किलोमीटरपर्यंत बॅटरीची क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर आम्ही बघू. नवव्या वर्षी गाडी उभी राहते असा त्याचा अर्थ नाही.

धुराचं म्हणाल तर कोळशाच्या विजेवर गाडी चालवून पुण्य मिळतं असं मी कधीच म्हटलं नव्हतं. बॅटरी बनवतानाही प्रदूषण होतंच. एवढंच, की वीज उद्या सूर्यापासून आली तर हीच गाडी आपोआप स्वच्छ होईल, आणि शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवून उभी राहणार नाही.

इंजिनाच्या आवाजावर वाद घालणार नाही. तुम्हाला तो आवडतो, ठीक आहे. शांततेचंही फार कौतुक नको, कारण वेग वाढला की टायर आणि वारा ऐकू येतातच. हळू चालताना तर गाडीला मुद्दाम आवाज काढावा लागतो, नाहीतर पादचाऱ्याला चाहूल लागत नाही. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत तो सक्तीचा आहे.

तर, सगळ्यांनी घ्यावी का? नाही. जिथे गाडी रात्रभर उभी राहते तिथे स्वतःचा प्लग नसेल तर मी लिहिलेल्या सुखांतलं निम्मं तिथेच गळतं. सकाळी भरलेली गाडी हा या साऱ्याचा पाया आहे, आणि सार्वजनिक चार्जरच्या रांगेत तो उभा राहत नाही. आठवड्याला दोनदा पाचशे किलोमीटर जात असाल तरी तूर्त थांबा. प्लग असेल आणि रोजचं जाणं-येणं शहरातलं असेल, तर एकदा चालवून बघा. फक्त विक्रेता मोकळ्या रस्त्यावर नेईल, तिथे नका जाऊ. संध्याकाळची वेळ मागा, कोंडीत घाला, आणि पाऊल उचलल्यावर वेग किती कमी व्हावा याची पातळी वाढवून ठेवा. पहिली दहा मिनिटं मान पुढे-मागे होईल. मग पाय शिकतो.