एक्झिट हुकली? मग मागे या!

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि नाशिककरांना मुंबई जवळ आली. तेव्हापासून या मार्गावर गाडी हाकण्याच्या काही थोर प्रथा रूढ होत आहेत. नवख्यांची गैरसोय होऊ नये म्हणून त्या येथे नोंदवतो.

सर्वांत उजवी मार्गिका ओव्हरटेक करण्यासाठी असते, हा गैरसमज प्रथम डोक्यातून काढून टाकावा. ती आपल्याला आंदण मिळाली आहे असे मानून ताशी सत्तरच्या वेगाने, शक्यतो फोनवर बोलत, तिथेच मुक्काम ठोकावा आणि मागच्याने दिवे दाखवल्यास तो आपल्या खानदानाचा अपमान समजावा.

टायरमधली हवा तपासू नये. नाशिकच्या द्वारका चौकातल्या खड्ड्यांतून जे टायर सुखरूप आले, त्यांना आणखी काय व्हायचे आहे?

इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा शासनाने रील काढण्यासाठीच खोदला आहे. तिथे चारही इंडिकेटर लावून खुशाल थांबावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एक्झिट हुकल्यास गाडी सरळ मागे घ्यावी. गेल्या रविवारी मुंबईहून परतताना इगतपुरीच्या एक्झिटपुढे एका पांढऱ्या एसयूव्हीच्या चालकाने या कलेचे प्रात्यक्षिक दाखवले. मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’, रिव्हर्सचा दिवा लागलेला, आणि खिडकीतून बाहेर आलेला एक हात आम्हा सर्वांना ‘थांबा जरा’ असे खुणावत होता, जणू पंचवटीतल्या एखाद्या बोळातून गाडी काढायची आहे. ताशी १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. समोरची गाडी पुढे जात नसून आपल्याच अंगावर येत आहे, हे मेंदूला पटेपर्यंतच त्यातले दोन सेकंद संपतात. डावीकडे भरलेला ट्रक, उजवीकडे दुभाजक; मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो आणि मागच्या सीटवरची पाण्याची बाटली उडून गिअरपाशी आली. ट्रकवाल्याने प्रसंगावधान राखून वेग कमी केला, म्हणून मला डावीकडे सरकायला जागा मिळाली आणि आज हे लिहिता येत आहे. एसयूव्हीवाले मात्र शांतपणे मागे येऊन एक्झिटमधून बाहेर पडले. त्या गाडीत मागे दोन लहान मुले होती.

अहो, एक्झिट हुकली तर पुढे जा ना! पंचवीस-एक किलोमीटरवर भरवीरला बाहेर पडता येते, तिथून घोटीमार्गे नाशिकला येता येते. अर्धा-पाऊण तास आणि चार पैसे टोल जास्त जाईल. वीस-वीस लाखांची गाडी घेणाऱ्यांनो, तेवढ्यासाठी तुम्ही स्वतःची पोरे आणि परक्यांची माणसे पणाला लावता? चुकून नव्हे, नीट आरशात बघून, गिअर टाकून लावता. आणि वर हात दाखवून आम्हालाच थांबवता? हा अधिकार तुम्हाला कोणी दिला, तेवढे एकदा सांगा.