ग्रहांच्या जिओलॉजीबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे
बडोद्याच्या आपल्या पालक ग्रुपांवर मेसेज फिरतोय की कॉलेजात ग्रहांची जिओलॉजी माइनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय) म्हणून घेऊ नका, चंद्राचे दगड इथे नाहीत, नुसते फोटो बघायचे. हे खरं नाही. मी जिओलॉजी शिकवते, पावागडच्या बेसाल्टचा (लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या दगडाचा) पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की प्लॅजिओक्लेज, पायरॉक्सिन ही खनिजं दिसतात आणि चंद्रावरच्या काळ्या डागांचा बेसाल्टसुद्धा मुख्यतः याच खनिजांचा, शिवाय लोणारचं विवर तर बेसाल्टवरच उल्का आदळून झालंय, तिथे मुलं दगड हातात घेऊन शिकतात. आणि २०२३ ला चंद्रयान-३ च्या रोव्हरवरचं मातीतली मूलद्रव्यं मोजणारं एक यंत्र शेजारच्या अहमदाबादच्या पीआरएलनेच (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) बनवलं ना! नुसत्या माइनरवर नोकरी लागेल असं नाही, मेजर म्हणजे मुख्य विषय भक्कम हवाच. पण तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना गेलाय त्यांना हे पाठवा.